समुद्रातली पवनचक्की, पांझरेचा पूर आणि विश्वेश्वरय्या

समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आले असतीलच. निळं पाणी, पांढरे खांब आणि शांतपणे फिरणारी पाती. व्हिडिओत सगळा भाव खाऊन जातात ती पाती. पण इंजिनिअरची झोप उडवतो तो भाग पाण्याखाली असतो. समुद्रतळात रोवलेल्या त्या जाडजूड पोलादी खांबाला लाटा आणि प्रवाह रात्रंदिवस ढकलत असतात. ते किती जोराने ढकलतात, याचा हिशेब चुकला तर वरची सगळी यंत्रणा भंगारात.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आला आहे. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

पण वाहतं पाणी बांधकामाला किती ढकलतं, हा प्रश्न भारताला नवा नाही. समुद्राच्या आधी तो आपल्या नद्यांनी विचारला होता. या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका माणसाची पहिली नोकरी आमच्या नाशिकमध्ये सुरू झाली. त्याचं नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला अभियंता दिनाचे मेसेज आपण सगळेच फॉरवर्ड करतो. फोटोतला म्हैसुरी फेटा ओळखीचा असतो, पण त्यांनी नक्की केलं काय, हे विचारलं की बहुतेकांची गाडी एका धरणाच्या नावावर अडते.

मी नाशिक रोडला राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. सिव्हिल माझी शाखा नाही. त्यामुळे ही गोष्ट मला जशी समजली तशी, सोप्या आकडेमोडीसकट सांगतो.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

जन्म १८६० च्या सुमाराचा, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या छोट्या गावातला. वडील संस्कृतचे पंडित. घरात विद्या भरपूर आणि पैसा कमी. वडील लवकर गेले. मुलाने बंगळूरला शिकवण्या घेत स्वतःचं शिक्षण चालवलं आणि १८८१ मध्ये बीए केलं.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्यात आला. तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच. १८८३ मध्ये तो इथली इंजिनिअरिंगची परीक्षा मुंबई इलाख्यात पहिला येऊन पास झाला. तेव्हा पहिल्या येणाऱ्यांना सरकारी बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळत असे. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंट.

नेमणुकीचं वर्ष १८८४. पद सहायक अभियंता. ठिकाण नाशिक. वय तेवीस-चोवीस.

नाशिक आणि वेगाचा वर्ग

नाशिकच्या माणसाला पुराचं मोजमाप शिकवावं लागत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून गावात पुराची पातळी सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात सगळ्या शहराने मोबाइलवर हाच मारुती पाहिला.

पण मारुती सांगतो ती पाण्याची उंची. बांधकाम मोडायचं असेल तर उंचीइतकाच महत्त्वाचा असतो वेग. इथे एक साधा नियम लक्षात ठेवा: वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट.

आकडा घालून बघू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फळी पाण्यात आडवी धरली आणि पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आलं, तर फळीवर साधारण २०० किलो वजनाइतका जोर येतो. पाणी सेकंदाला ४ मीटरने आलं की तोच जोर ८०० किलोच्या घरात जातो. पुरात बाइक घालू नका असं पोलीस ओरडून सांगतात, त्यामागचं गणित हेच.

आता हवेशी तुलना करा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. सेकंदाला २ मीटर वेगाचं पाणी जेवढा जोर लावतं, तेवढा जोर लावायला वाऱ्याला ताशी दोनशे किलोमीटरचा वेग लागतो. म्हणून समुद्रातल्या पवनचक्कीच्या इंजिनिअरला वरच्या वादळाइतकीच खालच्या संथ दिसणाऱ्या प्रवाहाची काळजी असते.

पांझरेने घेतलेली परीक्षा

नाशिकनंतर लवकरच विश्वेश्वरय्यांची रवानगी खानदेशात, धुळ्याकडे झाली. तिथे त्यांच्याकडे एक काम आलं: कालव्याचं पाणी पांझरा नदीच्या पलीकडे न्यायचं, तेही नळातून. याला वक्रनलिका म्हणजे सायफन म्हणतात. कालव्याचं पाणी एका काठावर नळात शिरतं, नदीखालून जातं आणि दुसऱ्या काठावर वर येतं. पलीकडचं टोक थोडं खाली ठेवलं की पंपाची गरज पडत नाही.

कागदावर सोपं आहे. पण काम चालू असताना पाऊस आला, नदी फुगली आणि खोदलेल्या जागेत वाळू भरली. तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं की हे काम पावसाळ्यानंतर करणं योग्य होईल. वरिष्ठांना ही कामचुकारपणाची लक्षणं वाटली आणि तसं त्यांनी लेखी कळवलं. नोकरी नवीन, शेरा कायमचा. विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हातात घेतलं आणि भर पावसाळ्यात, पुराच्या दोन लोंढ्यांमधल्या उघडिपी साधत ते पूर्ण केलं. नंतर त्याच वरिष्ठांनी त्यांचं कौतुक केलं आणि आधीचा सूर मागे घेतला. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. पहिली तांत्रिक. नदीच्या तळातून नळ न्यायचा तर तीन शत्रू असतात. पुराचं पाणी तळाची वाळू उचलून नेतं आणि नळ उघडा पडतो. उघड्या पडलेल्या नळावर प्रवाहाचा थेट जोर येतो. आणि नळ रिकामा असेल तर तो चक्क तरंगायला बघतो. समुद्रातल्या पवनचक्कीपासून किनाऱ्यावर वीज आणणाऱ्या केबल याच कारणासाठी समुद्रतळात पुरतात आणि उघड्या पडल्या नाहीत ना, हे पुन्हा पुन्हा तपासतात.

दुसरी गोष्ट वेळेची. पाण्यातलं काम पाणी सांगेल तेव्हाच होतं. समुद्रात खांब ठोकणारी जहाजं आजही लाटा ठरावीक उंचीच्या खाली आल्या तरच काम सुरू करतात. उघडीप मिळाली नाही तर लाखो रुपये रोजाचं जहाज नुसतं उभं राहतं. तेव्हा वरचा साहेब आणि नदी यांच्यात अडकलेला तो तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा आठवावा. डेडलाइन माणसं ठरवतात, उघडीप पाणी ठरवतं.

जाता जाता एक स्थानिक गोष्ट. पांझरेचं खोरं फड पद्धतीच्या सिंचनासाठी ओळखलं जातं. बंधाऱ्याचं पाणी गावाच्या जमिनीचे फड पाडून, पिकं फिरवत वाटायची ही जुनी रीत. पुढे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तिच्यातही जमिनीचे गट पाडून पिकांचा आणि पाण्याचा फेरा लावला जायचा. दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या तर साम्य दिसतं.

सक्करची विहीर

१८९० च्या दशकात त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवलं गेलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. गावाला सिंधू नदीचं पाणी प्यायला द्यायचं होतं, पण ते गाळाने गढूळ, आणि मोठे गाळणी हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपून आलेलं पाणी आपोआप स्वच्छ होत होतं. ते तिथून पुढे उचलून गावाला दिलं. नदीची वाळूच त्यांनी फिल्टर म्हणून वापरली.

खडकवासल्याचे दरवाजे

१८९९ मध्ये ते पुण्यात सिंचनाचे कार्यकारी अभियंता झाले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला तलावाची, तेव्हाच्या लेक फाइफची, अडचण अशी होती की दर पावसाळ्यात सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. धरणाची भिंत उंच करणं महाग आणि जोखमीचं. मग सांडव्यावर दरवाजे बसवून पाणी वर अडवता येईल का?

दरवाजे लावले की नवा धोका. अडवलेल्या पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे दरवाजावरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर पाणी अडवलं, तर दरवाजाच्या दर एक मीटर रुंदीवर साधारण तीन टन जोर येतो. रात्री अडीच वाजता पूर आला आणि चौकीदार झोपलेला असला तर? दरवाजे बंदच राहतील, पाणी भिंतीवर चढेल आणि धरणच धोक्यात येईल.

विश्वेश्वरय्यांनी उत्तर काढलं ते स्वयंचलित दरवाज्यांचं. दरवाज्याचं वजन दुसऱ्या बाजूच्या वजनाने तोलून धरायचं आणि तो तोल कधी बिघडवायचा हे तलावाच्या पातळीनेच ठरवायचं. पाणी ठरावीक रेषेच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडणार, पूर ओसरला की आपोआप बंद होणार. माणूस नको, इंजिन नको. १९०३ च्या सुमारास ते खडकवासल्याला बसले आणि तलावाची साठवण पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असे दरवाजे वापरले गेले.

माझ्या क्षेत्रात याला आम्ही ऑटो-स्केलिंग म्हणू. ट्रॅफिक ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की सिस्टिम स्वतःच मार्ग मोकळा करते, कुणाला उठून बटण दाबावं लागत नाही. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर अॅप बंद पडतं. त्यांचं चुकलं असतं तर खाली पुणे होतं.

मुसी: पूर किती मोठा धरायचा?

१९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचं काम करून आल्यावर, १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी मुदतीआधीच सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादला मुसी नदीचा भयानक पूर आला. हजारो माणसं गेली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं.

त्यांनी आधी पाऊस मोजला, नदीचं खोरं मोजलं, पूर कुठून आणि किती वेळात आला ते शोधलं. उपाय सुचवला तो शहरात भिंती उंच करण्यावर न थांबणारा होता: शहराच्या वरच्या बाजूला, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय बांधून पुराचा लोंढा तिथेच थोपवायचा आणि पाणी हळूहळू सोडायचं. यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.

इथे समुद्रातल्या पायाचा सगळ्यात अवघड प्रश्न येतो: किती मोठं संकट धरून बांधायचं? समुद्री पवनचक्कीसाठी साधारण पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ धरून तपासणी करतात. पन्नास वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही, असं अनेकांना वाटतं. हिशेब करा. असं वादळ दर वर्षी येण्याची शक्यता २ टक्के. पवनचक्कीचं आयुष्य २५ वर्षं धरलं, तर त्या काळात ते निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघते. नाणेफेकीपेक्षा थोडीच कमी. म्हणजे ते वादळ येणारच असं समजून खांब उभा करावा लागतो.

कृष्णराजसागर: पाया आजचा, भार उद्याचा

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाच्या मागे लागले. १९११ मध्ये काम सुरू झालं. त्यांना धरण १२४ फूट उंच हवं होतं. खाली कावेरीचं पाणी वापरणाऱ्या मद्रास इलाख्याची हरकत होती, म्हणून परवानगी मिळाली फक्त ८० फुटांची.

विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढच्या पूर्ण उंचीला पुरेल असा रुंद घातला. यावरून मद्रासशी मोठा वाद झाला, प्रकरण लवादापर्यंत गेलं आणि १९२४ च्या करारानंतर ते मिटलं. राजकारण म्हणून या वागण्यावर दोन मतं होऊ शकतात. खालच्या शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती, आणि कावेरीचा तंटा पुढे शंभर वर्षं धुमसत राहिला. पण इंजिनिअरिंग म्हणून एक गोष्ट खरी आहे: वरचा मजला नंतर वाढवता येतो, पाया नंतर रुंद करता येत नाही. समुद्रात तर अजिबातच नाही.

हे धरण चुना आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरकी, यांच्या मिश्रणाने बांधलं गेलं. सिमेंट महाग होतं, सुरकी जवळ मिळत होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण झालं आणि आजही उभं आहे.

दिवाणगिरी, थोडक्यात

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, १९१६ मध्ये विद्यापीठ, कारखाने, शाळा, अशी यादी लांब आहे आणि ती तुम्हाला कुठेही मिळेल. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर केलं, १९५५ मध्ये भारत सरकारने भारतरत्न दिलं. नागपूरचं व्हीएनआयटी त्यांच्याच नावाचं.

दिवाणपद सोडण्यामागे मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा प्रश्न होता. त्यांचा त्याला विरोध होता, महाराजांचा पाठिंबा. गुणवत्ता हाच एकमेव निकष, असं ते धरून होते. मला इथे त्यांचं पटत नाही. वेगवेगळ्या पातळीवर उभ्या असलेल्या दोन टाक्यांतलं पाणी आपोआप सारखं होत नाही, मध्ये नळ जोडावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

पानशेत

विश्वेश्वरय्या शंभरीत असताना, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पुण्याच्या वरचं पानशेत धरण फुटलं. मातीचं धरण, काम पूर्ण व्हायच्या आधीच पाणी साठवलेलं. पाणी सोडायच्या मार्गिकेत पोलादी सळया नव्हत्या, दरवाजे हलवायची यंत्रणा तयार नव्हती. पानशेतचं सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. त्याच दुपारी खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फुटली आणि पुण्यात हाहाकार झाला. शेकडो माणसं दगावली, हजारो घरं पडली. पुण्यातल्या जुन्या घरांमधून त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात.

ज्या खडकवासल्यावर साठ वर्षांपूर्वी त्यांनी पाण्याला शहाणपण शिकवलं होतं, तिथलं गणितच त्या दिवशी बदललं. सांडव्याचे दरवाजे त्या नदीच्या पुरासाठी होते, वरचं अख्खं धरण अंगावर येईल या हिशेबाने नव्हते. स्वयंचलित यंत्रणा तिच्या मर्यादेतच हुशार असते. मर्यादेबाहेरची गोष्ट तिला दिसतच नाही. कोड लिहिणाऱ्याने आणि खांब रोवणाऱ्याने, दोघांनीही हे भिंतीवर लावून ठेवावं.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, विश्वेश्वरय्या गेले.

नव्वदीतलं काम: गंगेतले खांब

त्यांच्या आयुष्यातलं समुद्री पवनचक्कीच्या सगळ्यात जवळचं काम मात्र मी शेवटी ठेवलं आहे, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर बिहारमध्ये गंगेवर पूल कुठे बांधावा, हा प्रश्न होता. तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांच्या अभ्यासावरून मोकामाजवळची जागा ठरली. रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेणारा सुमारे दोन किलोमीटरचा हा राजेंद्र सेतू १९५९ मध्ये सुरू झाला.

जागा निवडणं एवढं अवघड का? कारण गंगेचा तळ म्हणजे खोलवर वाळू आणि गाळ. तिथे खांब उभा केला की प्रवाह त्याला ढकलतो, हे आपण पाहिलं. पण त्याहून घातक गोष्ट खाली घडते. खांबाला अडलेलं पाणी खाली वळतं, खांबाच्या पायथ्याशी भोवरे तयार होतात आणि ते वाळू उपसत राहतात. खांबाभोवती खड्डा पडतो. समुद्रकिनारी लाट परतताना तुमच्या टाचेखालची वाळू सरकते ना, तोच प्रकार, फक्त राक्षसी आकारात. पूल पडतात ते बऱ्याचदा पाण्याने खांब मोडला म्हणून नव्हे, तर खांबाखालची जमीनच गेली म्हणून.

म्हणून गंगेसारख्या नद्यांवर विहीर पद्धतीचा पाया घालतात: पोकळ विहिरीसारखं बांधकाम आतली वाळू काढत काढत खोल उतरवायचं, पुरात पडणाऱ्या खड्ड्याच्या कितीतरी खाली. हा खड्डा किती खोल पडेल याचा अंदाज घ्यायला भारतात आजही जेराल्ड लेसी या सिंचन अभियंत्याचं १९३० च्या सुमाराचं सूत्र वापरतात. ते सूत्र आपल्याच उपखंडातल्या कालव्यांच्या निरीक्षणातून आलेलं आहे.

समुद्रात हाच खड्डा पवनचक्कीच्या खांबाभोवती पडतो. सतत एका दिशेने प्रवाह असेल तर त्याची खोली खांबाच्या व्यासाच्या साधारण १.३ पट धरतात. खांब ८ मीटर जाडीचा असेल तर खड्डा दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. म्हणून भोवती दगडांचा थर टाकतात, किंवा खड्डा पडणार हे गृहीत धरून खांबच जास्त खोल ठोकतात.

नदीत नसलेलं, समुद्रात असलेलं

नदीचं पाणी एका दिशेने जातं. लाट मात्र पुढे ढकलते आणि मागे खेचते. त्यामुळे दोन वेगळे जोर तयार होतात. एक वेगामुळे, त्याचा वर्गाचा नियम वर पाहिला. दुसरा पाण्याचा वेग सतत बदलत असल्यामुळे, म्हणजे त्वरणामुळे. या दोन्हींची बेरीज करून खांबावरचा भार काढायचं समीकरण १९५० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. बारीक खांबाला वेगाचा जोर जास्त जाणवतो, पवनचक्कीच्या जाड खांबाला त्वरणाचा.

दुसरा फरक खोलीचा. लाट वरवर जोरात असते. खाली जाताना तिचा प्रभाव विरत जातो आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपतो. भरती-ओहोटीचा प्रवाह मात्र बराच खालपर्यंत पोचतो. म्हणून तळाजवळच्या वाळूचा हिशेब दोघांना एकत्र धरून करावा लागतो.

तिसरा फरक मोजणीचा. दर आठ सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाला १०,८०० लाटा होतात. पंचवीस वर्षांत हा आकडा दहा कोटींच्या घरात जातो. एक तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं पोलाद दहा कोटी वेळा थोडं थोडं वाकून थकतं. त्यातच खांबाची स्वतःची डोलण्याची लय लाटांच्या किंवा पात्यांच्या लयीशी जुळली तर झोका वाढत जातो. पायाभोवती खड्डा पडला की खांब जास्त मोकळा होतो, त्याची लय मंदावते आणि लाटांच्या लयीजवळ सरकते. म्हणजे मोकामाचा खड्डा इथे दुप्पट महाग पडतो.

हे सगळं नुसतं कॉम्प्युटरवर सोडवून भागत नाही. खडकवासल्याला १९१६ पासूनचा वारसा सांगणारं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींवर कृत्रिम लाटा सोडून पाहतात. आमच्या नाशिकला दिंडोरी रोडवर मेरी ही राज्य सरकारची संशोधन संस्था आहे, जिथे धरणांच्या प्रतिकृतींवर पाण्याचे प्रयोग होतात. इंजिनिअरिंगला असाल आणि सिव्हिलमध्ये आता काय उरलंय असं कुणी म्हणालं, तर या दोन जागांची नावं सांगा.

थोडक्यात काय?

विश्वेश्वरय्यांनी समुद्रात पवनचक्की उभी केली नाही. त्यांच्या काळात तशी वस्तूच नव्हती. समुद्रातला जगातला पहिला पवनचक्की प्रकल्प डेन्मार्कमध्ये १९९१ साली उभा राहिला, तोही फक्त ११ पवनचक्क्यांचा. पण त्या खांबाखालचे प्रश्न त्यांनी नदीत आधीच सोडवायला घेतले होते. पांझरेत कामाची वेळ पाण्याने ठरवली, मुसीत न पाहिलेल्या पुराचा हिशेब मांडावा लागला, कृष्णराजसागरात पाया उद्याच्या भाराला घातला आणि गंगेत खांबाखालची वाळू आधी पाहिली.

येत्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्याचा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅपवर येईल, तेव्हा तो नुसता फॉरवर्ड करू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८३ टन पाणी. आकडा दुप्पट झाला की वेगही वाढतो, आणि वेग वाढला की जोर वर्गाने वाढतो. एवढं घरात समजावून सांगितलंत, तर रामकुंडाकडे सेल्फीला निघालेला निदान एक भाऊ घरी थांबेल.